चांगला आहे, पण स्लो आहे

चित्रपट पाहून बाहेर पडलेल्या माणसाला 'कसा होता?' असे विचारले, तर अलीकडे हमखास मिळणारे एक उत्तर म्हणजे 'चांगला आहे, पण स्लो आहे'. उत्तर देणारा मराठी असतो, विचारणारा मराठी असतो, चित्रपटही पुष्कळदा मराठीच असतो आणि एक शब्द सोडला तर वाक्यही मराठी असते. मात्र निकाल त्या एका शब्दात दिलेला असतो. 'चांगला आहे' हा त्यातला शिष्टाचार. 'पण'च्या पुढे काय येते ते ऐकण्यासाठीच समोरच्याने प्रश्न केलेला असतो, आणि ते ऐकले की तो 'अच्छा, स्लो आहे का' म्हणून मान डोलावतो व दोघेही दुसऱ्या विषयाकडे वळतात. कुठे स्लो, कशामुळे स्लो, कोणाला स्लो, हे कोणी विचारत नाही. मी स्वतः हे उत्तर असंख्य वेळा दिलेले आहे, त्यामुळे पुढचे विवेचन इतरांना चार गोष्टी शिकवण्याच्या थाटात करण्याचा अधिकार मला नाही, हे आधीच कबूल करतो.

माझे म्हणणे एवढेच आहे की हा शब्द चित्रपटाच्या गतीचे मोजमाप केल्याचा आव आणतो, प्रत्यक्षात गतीविषयी जवळजवळ काहीच सांगत नाही. तो एक तक्रार सांगतो, आणि ती तक्रार कोणाची आणि कोणाविरुद्ध, हे मात्र शिताफीने झाकून ठेवतो.

शब्द इंग्रजी आहे म्हणून माझी हरकत आहे, असा समज होऊ नये. चित्रपटाचा व्यवसायच परकी यंत्रांबरोबर आला, आणि यंत्रांबरोबर शब्द येणारच. 'चित्रपट', 'बोलपट', 'दिग्दर्शक', 'मध्यंतर' असे शब्द सावरकरांनी भाषाशुद्धीच्या आग्रहातून सुचवले. त्यांतले 'चित्रपट' आणि 'दिग्दर्शक' आपण इतके आपलेसे केले की ते कोणी घडवलेले शब्द आहेत हेही आठवत नाही, 'मध्यंतर' छापील मजकुरात टिकला पण बोलण्यात 'इंटरव्हल'पुढे मागे पडला, आणि सगळेच चित्रपट बोलू लागल्यावर 'बोलपट' आपोआप निवृत्त झाला. 'शॉट', 'सीन', 'क्लोजअप', 'फ्लॅशबॅक' या शब्दांनी कोणाची जागा बळकावली नाही, कारण त्या वस्तूच आपल्याकडे नव्हत्या. कंटाळ्याचे तसे नाही. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईत लुमिएर बंधूंची चलच्चित्रे पहिल्यांदा दाखवली गेली तेव्हा कॅमेरा, पडदा आणि प्रक्षेपक हे सगळे सामान बाहेरून आलेले होते. कंटाळा मात्र इथे आधीपासून मुक्कामाला होता. कीर्तने, आख्याने, लावणीचे फड आणि रात्र रात्र चालणारी संगीत नाटके पाहिलेल्या लोकांना लांबलेल्या करमणुकीची चांगलीच ओळख होती, आणि तिची वर्गवारी करणारे शब्दही त्यांच्यापाशी भरपूर होते.

हे शब्द एकदा हातात घेऊन पाहण्यासारखे आहेत, कारण त्यांतला एकही दुसऱ्याच्या जागी चालत नाही. 'पाल्हाळ' म्हणजे ऐकणाऱ्याला कळून चुकलेली गोष्ट सांगणाऱ्याने सांगत राहणे; नायकाला बातमी कळते, मग तो ती आईला सांगतो, आई वडिलांना सांगते आणि बातमी आपल्याला पहिल्यांदाच कळलेली असते. 'सैल' म्हणजे प्रसंग आहेत, पण एकाने दुसऱ्याला धरून ठेवलेले नाही. 'पसरट' म्हणजे गोष्ट नेमकी कोणाची हे सांगणाऱ्यालाच ठरवता आलेले नाही. 'एकसुरी' म्हणजे प्रसंग भराभर बदलत असतील, पण आनंद, भीती आणि शोक यांची पट्टी एकच आहे. 'रेंगाळणे' आणि 'घुटमळणे' या दोन क्रियापदांतला भेद तर फारच नाजूक आहे: रेंगाळणाऱ्याला कुठे जायचे ते ठाऊक असते, त्याचा पाय निघत नाही, घुटमळणाऱ्याला वाटच सापडलेली नसते. 'चऱ्हाट' आणि 'गुऱ्हाळ' हे शब्द संपण्याची चिन्हे नसलेल्या गोष्टीसाठी, आणि 'पाणी घालून वाढवलेला' हे ज्याचा जीव मुळात एका लघुपटाएवढा होता त्याच्यासाठी. 'संथ' या सगळ्यांतून वेगळा उभा आहे, कारण त्यात मुळात तक्रारच नाही. संथ पाणी, संथ स्वर, संथ बोलणे यांपैकी कशातही दोष दाखवलेला नसतो, उलट बऱ्याचदा थोडे कौतुकच असते.

आता या प्रत्येक शब्दाने चित्रपट करणाऱ्याला काय कळते ते पाहा. 'पाल्हाळ' म्हटले तर संकलकाची कात्री चालायला हवी होती. 'सैल' किंवा 'पसरट' म्हटले तर दोष पटकथेतला, तिथे कात्री लावून उपयोग नाही. 'एकसुरी' म्हटले तर अभिनय आणि पार्श्वसंगीत यांच्याकडे बोट जाते. 'संथ' म्हटले तर दुरुस्त करण्याजोगे काहीच नाही, हवे तर पाहणाऱ्याने थोडे सरसावून बसावे. 'स्लो' म्हटल्यावर यांपैकी कोणाला काय कळले? काहीही नाही. आणि गंमत अशी की बोलणाऱ्यालाही काही कळलेले नसते. नेमका शब्द शोधताना आपल्याला नेमके काय खुपले हेही सापडते, ते कामच या शब्दाने वाचवलेले असते.

मराठीच्या व्याकरणात कंटाळा कुठे बसतो, हेही लक्षात घेण्यासारखे आहे. आपण 'मला कंटाळा आला' असे म्हणतो. कंटाळा कुठून तरी येतो आणि तो मला येतो. ज्याला आला तो माणूस वाक्यातून काढता येत नाही. 'मला आला, तुला कदाचित येणार नाही' ही शक्यता त्या रचनेतच शिल्लक असते. दुसऱ्या बाजूला दूरचित्रवाणीवरच्या मालिकांबद्दल घरोघरी काय बोलले जाते ते आठवावे: 'किती खेचतायत!' इथे क्रियापद आहे, ते सकर्मक आहे, आणि कर्ता बोलला नाही तरी हजर आहे. कोणीतरी ही गोष्ट ताणते आहे, ते त्यांना कळते आहे, आणि त्यामागे त्यांचा काही हेतू आहे, एवढा सगळा आरोप त्या एका क्रियापदात मावतो. कंटाळा आला म्हणणारा स्वतः पुढे येतो. खेचला म्हणणारा निर्मात्याला पुढे ओढतो. 'स्लो आहे' या वाक्यात दोघेही नाहीत. उंची किंवा रंग असावा तसा स्लोपणा हा चित्रपटाचा जन्मजात गुण होऊन बसतो. त्याला कोणी जबाबदार नाही, त्याची झळ कोणाला लागलेली नाही, आणि त्यामुळे त्याच्याशी वादही घालता येत नाही.

हा शब्द आपल्याला इतका सोयीचा का वाटतो, याचे उत्तर मला यातच दिसते. 'रटाळ आहे' असे म्हणणे हे अंगावर घ्यावे लागते. समोरच्याला तो चित्रपट आवडला असेल तर वाद होणार. 'मला कंटाळा आला' असे म्हणणे त्याहून अवघड, विशेषतः चित्रपट नावाजलेला असेल तर, कारण मग समजण्याची कुवत माझ्यात कमी होती की काय, अशी शंका घेतली जाण्याची धास्ती असते. 'स्लो' या दोन्ही संकटांतून सोडवतो. तो परका आहे म्हणून बोचत नाही, आणि तांत्रिक वाटतो म्हणून आपले अज्ञानही उघडे पडत नाही. एखाद्या कामात चूक झाली की 'जरा प्रॉब्लेम झालाय' म्हणून आपण वेळ मारून नेतो, त्याच जातीचा हा शब्द आहे. इंग्रजी शब्द मराठीत येतात ते केवळ नव्या वस्तूंसाठी येतात असे नाही. आपल्याच शब्दांची धार सोसवेनाशी झाली की गुळगुळीत शब्द म्हणूनही येतात.

ठीक आहे, कोणी म्हणेल, पण चित्रपटाला गती असतेच की, आणि ती कमी असली तर कमी म्हणायचे नाही का? म्हणावे, पण आधी कशाची गती ते सांगावे. पडद्यावर सेकंदाला चोवीस चित्रे सरकतात आणि हा वेग हाणामारीच्या चित्रपटाला व संसाराच्या चित्रपटाला सारखाच असतो. तेव्हा प्रश्न उरतो तो दोन कटांमधल्या अंतराचा किंवा दोन घटनांमधल्या अंतराचा. कटांचे म्हणाल तर त्याची मोजणी झालेली आहे. डेव्हिड बॉर्डवेल या अमेरिकन चित्रपट-अभ्यासकाने दाखवून दिले की १९३० ते १९६० या काळातल्या हॉलिवूडच्या चित्रपटांत एक शॉट सरासरी आठ ते अकरा सेकंद टिकत असे, आणि विसावे शतक संपताना हीच सरासरी तीन ते सहा सेकंदांवर आली होती. म्हणजे आपल्या आजोबांच्या पिढीला रोमांचक वाटलेला चित्रपट या हिशेबाने आज स्लो ठरायला हवा, आणि त्यांतले काही ठरतातही. पण त्या काळातले किती तरी रहस्यपट आजही खुर्चीला खिळवून ठेवतात. उलट मालिकेतल्या एका साध्या प्रसंगात सून दारात उभी राहते, आणि घरातल्या प्रत्येकाच्या चेहऱ्यावर तीन तीन वेळा झपाझप कॅमेरा जातो, प्रत्येक वेळी ढोल वाजतो; मिनिटाला वीस कट पडतात आणि सून अजून दारातच असते. कट जलद असले की गोष्ट जलद जाते, हा हिशेब इथे पार कोलमडतो.

याहून बोलके उदाहरण म्हणजे स्लो मोशन. नायकाचा प्रवेश होतो. आधी बूट दिसतात, मग धूळ उडते, मग कोटाचे टोक वाऱ्यावर हलते, मग हाताची मूठ, आणि चेहरा दिसायला पाऊण मिनिट जाते. एरवी चार सेकंदांत आटोपणारे चालणे इथे यंत्राच्या साह्याने अक्षरशः मंद केलेले असते, आणि त्या वेळात कथेत काहीही घडत नाही. चित्रगृहात शिट्ट्या वाजतात. अशा चित्रपटाला, ज्याच्यात मंद केलेल्या चित्रणाची मिनिटे मोजली तर बरीच भरतील, 'स्लो' म्हटलेले मी आजवर ऐकलेले नाही. त्यात गैर काही नाही. तो क्षण ताणला जावा अशीच प्रेक्षकाची इच्छा असते. पण यावरून एवढे स्पष्ट होते की हा शब्द गतीला लावलेला नाही. जे ताणलेले आपल्याला हवे होते ते स्लो नाही, आणि जे हवे नव्हते ते स्लो आहे. म्हणजे पुन्हा आपली अपेक्षाच आली, जी त्या शब्दात कुठेच दिसत नाही.

'फर्स्ट हाफ थोडा स्लो आहे' या सर्वमान्य वाक्याचा उगमही तिथेच आहे. आपल्याकडे चित्रपट मध्यंतराने दुभंगलेला असतो, आणि मध्यंतरापूर्वी मोठा धक्का बसावा असा रिवाज असतो. त्या धक्क्याकडे डोळे लावून बसलेल्याला पात्रांची ओळख, घर, गाव, नाती हे सगळे प्रतीक्षेतले वाटते. उत्तरार्धात ज्या मृत्यूने तो हेलावतो, त्या माणसाशी त्याची जानपछान याच 'स्लो' पूर्वार्धात झालेली असते, पण त्याचे श्रेय पूर्वार्धाला द्यायचे कोणाच्या मनात येत नाही.

या शब्दाने मला एकदा चांगलेच तोंडघशी पाडले. चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' हा चित्रपट २०१४ साली व्हेनिसच्या महोत्सवात गाजला, त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि २०१५च्या एप्रिलमध्ये तो चित्रगृहांत लागला. तो मी पाहिला, मला आवडला, आणि माझ्या मावशीने फोनवर विचारले तेव्हा मी उत्तर दिले, 'चांगला आहे, पण स्लो आहे.' मावशीने तो पाहिला नाही. काही वर्षांनी तिने तो घरी बसून पाहिला आणि मला फोन केला. 'काय रे, तू स्लो म्हणालास म्हणून मी सोडून दिला होता. कुठे होता स्लो?' मी सावरून म्हणालो की कॅमेरा फारसा हलत नाही, शॉट लांब आहेत वगैरे. तिने ऐकून घेतले. वडिलोपार्जित जमिनीच्या वाटणीचा दावा तिने अकरा वर्षे चालवलेला होता, हे मी विसरलो होतो. ती म्हणाली, 'दोन तासांत एखादा दावा इतका पुढे सरकलेला मी आयुष्यात पहिल्यांदाच पाहिला.'

तिच्या या एका वाक्यानंतर मी तो चित्रपट पुन्हा पाहिला. नारायण कांबळे या लोकशाहिरावर आरोप असा आहे की त्याचे गाणे ऐकून एका सफाई कामगाराने आत्महत्या केली. न्यायालयातल्या प्रसंगांत कॅमेरा मागे, सर्वसामान्य माणूस बाकावर बसतो तिथे थांबतो आणि पूर्ण दालन दाखवतो. सरकारी वकील कलमांमागून कलमे सपाट आवाजात वाचत राहते. मध्येच दुसऱ्याच एका बाईचा खटला पुकारला जातो आणि तिने बिनबाह्यांचा पोशाख घातला आहे म्हणून न्यायाधीश तो ऐकायचे नाकारतात. आपण ज्या खटल्यासाठी आलो आहोत त्याची पुढची तारीख पडते. या सगळ्यात प्रेक्षकाला जी चुळबुळ होते तीच चित्रपटाला सांगायची आहे: माणूस तुरुंगात आहे आणि सुटी लागते आहे. अखेरीस न्यायालयाला उन्हाळी सुटी लागते, दालन रिकामे होते, दिवे एकेक करून मालवले जातात आणि पडदा अंधारतो. चित्रपट संपला असे वाटून चपला शोधाव्यात, इतका वेळ तो अंधार टिकतो. आणि मग सुटीवर गेलेले न्यायाधीश दिसू लागतात. तो अंधार अर्धा केला असता तर निव्वळ दृश्य बदलले असते. या चित्रपटाला 'स्लो' म्हणून मी नेमके काय सांगितले होते? जी दिरंगाई चित्रपटाचा विषय होती, ती मी त्याचा दोष म्हणून नोंदवली होती.

असाच विचार 'जान दिलमान' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या १९७५च्या चित्रपटाबद्दल करता येतो. शांताल आकरमान या बेल्जियन दिग्दर्शिकेच्या या तीन तास एकवीस मिनिटांच्या चित्रपटात एका विधवेच्या तीन दिवसांतली घरकामे जवळजवळ पूर्ण वेळ घेऊन दाखवली आहेत, आणि २०२२ साली 'साइट अँड साउंड' या ब्रिटिश नियतकालिकाने घेतलेल्या समीक्षकांच्या कौलात तो पहिला आला. बटाटे सोलणे, भांडी घासणे, दिवा लावणे, मालवणे हे सगळे आपण पहिल्या दिवशी इतके पूर्ण पाहतो की दुसऱ्या दिवशी बटाटे जरा जास्त शिजले एवढ्यावरून काहीतरी बिनसले आहे हे ध्यानात येते. तेच काम तीन सेकंदांच्या तुकड्यांत दाखवले असते तर जास्त शिजलेला बटाटा ही घटनाच झाली नसती. हा चित्रपट मला एका बैठकीत पाहता आला नाही, हेही सांगून टाकतो. माझा तो कंटाळा खरा होता. पण तो मला आलेला होता, आणि तसेच म्हणणे रास्त.

संथपणा म्हणजे दोष नव्हे, ही गोष्ट खरे तर मराठी माणसाला पटवून द्यावी लागू नये. ख्यालगायन ऐकणाऱ्यांना विलंबित, मध्य आणि द्रुत या लयी ठाऊक असतात. उस्ताद अमीर खाँ झूमरा तालात अतिविलंबित लयीत ख्याल मांडत तेव्हा दोन समांमधले, म्हणजे तालाच्या आवर्तनांच्या पहिल्या मात्रांमधले, अंतर इतके असे की नवख्याला ताल हरवल्यासारखे वाटावे. त्यावर 'छान गातात, पण स्लो गातात' असे कोणी म्हटले असते तर बैठकीतल्या लोकांनी त्याच्याकडे कोणत्या नजरेने पाहिले असते! लयीचा विचार करणारी ही परिभाषा आपल्या कानांवर घरातूनच पडलेली असते. चित्रपटगृहाच्या दारात मात्र ती आपण चपलांसारखी बाहेर काढून ठेवतो.

अर्थात ही उपमा दोन्ही बाजूंनी कापते, आणि संथ चित्रपटांचे कैवारी तिची एकच बाजू दाखवतात. विलंबित गाणे हे द्रुत गाण्यापेक्षा सोपे नसते. अंतर जितके मोठे तितकी लय अंगात मुरलेली असावी लागते, आणि ती सुटली तर जाणकार श्रोता लगेच ओळखतो. चित्रपटातही खिडकीबाहेर पाहणारा माणूस दीड मिनिट दाखवला म्हणजे खोली आली, असे होत नाही. महोत्सवांच्या वर्तुळात 'स्लो' हा शब्द अलीकडे उलट्या दिशेने, पदकासारखाही मिरवला जातो; 'स्लो बर्न आहे' असे म्हटले की न समजणाऱ्याची आपोआपच पायरी ठरते. हाही आळसच. दोषाची नावे सांगायची टाळणारा आणि गुणाची नावे सांगायची टाळणारा, दोघेही त्याच एका शब्दाच्या आडोशाला उभे असतात. लांब शॉटमध्ये लय टिकली की सुटली, एवढे सांगितले तरी दोघांमध्ये काही बोलणे होऊ शकेल.

शब्दाच्या ढिलाईने प्रत्यक्ष काय बिघडते, असे विचारले जाईल. पहिली गोष्ट, लहान मराठी चित्रपट जाहिरातीवर चालत नाहीत, ते सांगोवांगी चालतात. पहिल्या तीन दिवसांत चार ओळखीचे लोक काय म्हणाले यावर त्यांचा दुसरा आठवडा अवलंबून असतो, आणि निरोप जितका आखूड तितका तो लवकर पसरतो. 'वडिलांचं काम करणाऱ्याने कमाल केलीय, पण उत्तरार्ध सैल आहे' हा निरोप ऐकून एखादा वडिलांच्या कामासाठी जाईल. 'स्लो आहे' ऐकून कोणी कशासाठी जावे? दुसरी गोष्ट अशी की दोषाला 'स्लो' हे नाव दिले की उपायही तयारच असतो: वेग वाढवा. नेटफ्लिक्सने २०२० साली अँड्रॉइड फोनवर अर्ध्यापासून दीडपटीपर्यंत वेग बदलून पाहण्याची सोय दिली, आणि त्याच्या आदल्या वर्षी नुसत्या चाचणीची बातमी फुटली तेव्हाच हॉलिवूडमधल्या काही दिग्दर्शकांनी जोरदार निषेध केला होता. दीडपट वेगाने पाहिलेला पाल्हाळ हा पाल्हाळच राहतो, फक्त लवकर संपतो. सैल पटकथा घट्ट होत नाही. एकसुरी अभिनयाला सूर सापडत नाही. त्या बटणाने खरोखर बिघडते ते एकाच प्रकारचे चित्रण, जे विचारपूर्वक संथ ठेवलेले होते.

दिवसभर राबून आलेल्या माणसाने तिकीट काढताना समीक्षकाची परिभाषा पाठ करावी काय, हा आक्षेप मला वजनदार वाटतो. त्याला संध्याकाळ सुखात जाईल की नाही एवढेच जाणून घ्यायचे असते, आणि 'स्लो' हा त्याला मिळालेला सावधगिरीचा इशारा असतो. मान्य. पण हा इशारा त्याच्या वेळेचे तरी रक्षण करतो का? 'कोर्ट' दोन तासांच्या आत, ११६ मिनिटांत संपतो. ज्यांना कोणी स्लो म्हणत नाही असे कित्येक गाजलेले चित्रपट तीन तासांच्या घरात जातात. आणि परिभाषा पाठ करण्याचा तर प्रश्नच नाही. रटाळ, पाल्हाळ, खेचलेला, रेंगाळणारा हे शब्द समीक्षकांचे नाहीत, ते स्वयंपाकघरात आणि पारावर बोलले जाणारे शब्द आहेत, आणि शेजारी, सासरा, सभेतला वक्ता यांच्या बोलण्याबद्दल तेच आपण अगदी अचूक वापरतो. लांबलेल्या भाषणाला आजही कोणी 'स्लो' म्हणत नाही. 'काय पाल्हाळ लावलंय' असेच म्हणतात, कारण तिथे वक्त्याचा राग आलेला असतो आणि तो लपवायचा नसतो.

मावशी अजूनही फोन करून विचारते. मागच्या खेपेला एका नव्या चित्रपटाबद्दल मी 'चांगला आहे, पण' इथपर्यंत आलो तेव्हा ती म्हणाली, 'पणच्या पुढचं नीट सांग.' मला थोडा विचार करावा लागला. मग सांगितले की बाप आणि मुलगा यांच्या भांडणाचा प्रसंग तीनदा येतो, तिन्ही वेळा दोघे जवळजवळ तेच बोलतात, आणि मला तो दुसऱ्या वेळीच नकोसा झाला होता. 'तेच तेच बोलतात?' तिने विचारले. हो म्हणालो. 'घरोघरी तसंच असतं रे,' ती म्हणाली, 'बघते मी,' आणि दुसऱ्या दिवशीच्या दुपारच्या खेळाचे तिकीट काढून द्यायला सांगितले.